चुकीच्या रांगेतले दोन ठिपके

क्षयरोगाच्या रुग्णांच्या रक्तातला जीन एक्स्प्रेशनचा डेटा ब्राउझरमध्येच बघता यावा, म्हणून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी वेब टूल बांधत होतो. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं, जीवशास्त्राशी संबंध बारावीतच संपलेला. काम वरकरणी साधं होतं. जनुकाचं नाव टाइप करायचं, की रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्तात ते किती सक्रिय आहे याचा आलेख समोर. मागे आर भाषेतलं शायनी, म्हणजे वेब पानं बनवायचं पॅकेज, आणि वीसेक हजार जनुकांचा तक्ता.

वाद झाला तो आलेखावरून. मी बॉक्स प्लॉट काढले होते, म्हणजे अख्ख्या गटाची मिळून एक पेटी. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "पेट्या नकोत रे. माणसागणिक एक ठिपका दे, आणि माऊस नेला की सॅम्पलचा नंबर दिसू दे." दिले.

डेमोला पीएचडी करणाऱ्या मुलीने पहिल्यांदा जीबीपी५ टाकलं. इंटरफेरॉनच्या, म्हणजे संसर्ग झाला की पेशी सोडतात त्या प्रथिनाच्या, इशाऱ्यावर चालणारं हे जनुक सक्रिय क्षयात रक्तामध्ये चांगलंच वाढतं. रुग्णांचे ठिपके वर, निरोगींचे खाली. निरोगींतला एकच ठिपका रुग्णांच्या उंचीवर. तो तिला तक्त्यातून आधीच सापडला होता आणि तिचा त्याच्यावर भारी जीव. एका रुग्णाच्या घरातली बाई, ना खोकला ना ताप. आजार दिसण्याच्या कितीतरी महिने आधी रक्तात अशी खूण उमटू शकते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरवयीनांच्या अभ्यासातून २०१६ मध्ये पुढे आलं होतं. तिच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या ठिपक्यावर उभं राहायचं होतं.

मॅडमनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एक्झिस्ट टाइप केलं. बायकांच्या पेशींत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गप्प बसवणारं हे जनुक, त्यामुळे बायकांत भरपूर आणि पुरुषांत जवळजवळ शून्य. त्या बाईचा ठिपका तळाला होता. आणि रुग्णांमधला एक पुरुष थेट बायकांच्या घोळक्यात! मग वाय गुणसूत्रावरचं आरपीएस४वाय१ काढलं. तेच दोन ठिपके, आता बरोबर उलटे.

"अगं, नळ्यांची अदलाबदल झालीय," मी काही विचारायच्या आत मॅडम त्या मुलीला म्हणाल्या. मग स्वतःच फाटे फोडत बसल्या, ते मला फार आवडलं. एक्सएक्सवाय गुणसूत्रं असलेल्या पुरुषातही एक्झिस्ट चालू असतं. पण मग वायवरची जनुकंही दिसायला हवीत, ती इथे नव्हती. उतारवयात पुरुषांच्या काही रक्तपेशींतून वाय गळून जातो; पण तेवढ्याने एक्झिस्ट चालू होत नाही. आणि बाईच्या रक्तात वायवरचं जनुक येणार कुठून? शिवाय त्या पुरुषाचं जीबीपी५ सगळ्या रुग्णांत कमी होतं. दोघांची नावं बदलून पाहिली, तर दोन्ही ठिपके आपापल्या गटात नीट बसले.

ती मुलगी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. प्रकरण गेलं होतं.

नुसती फाइलमध्ये नावं फिरवायला मॅडम तयार नव्हत्या. त्याच माणसांची दुसऱ्या भेटीतली सॅम्पलंही सिक्वेन्स झाली होती. आरएनएच्या रीड्समधून, म्हणजे सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेल्या तुकड्यांतून, डीएनएतले बारीक फरक काढून जुळवले, तेव्हा जुळणी आडवी निघाली: याचं पहिलं सॅम्पल तिच्या दुसऱ्याशी, तिचं याच्याशी. नोंदवहीत आरएनए काढण्याच्या प्लेटवर दोघांच्या जागा शेजारी होत्या. हा प्रकार काही जगावेगळा नाही. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सार्वजनिक डेटा याच युक्तीने तपासला, तर जवळपास निम्म्या संचांत अशी विसंगती सापडली होती. आणि दोन बायकांची अदलाबदल झाली, तर एक्झिस्टला तिचा पत्ताच लागत नाही. म्हणून डेटा चढवतानाच दोन्ही तपासण्या आपोआप व्हाव्यात अशी सोय केली.

टूल सगळ्यांसाठी खुलं करायची वेळ आली, तेव्हा त्याच मुलीने हरकत घेतली. एक्सएक्सवाय असलेल्या कितीतरी पुरुषांना आयुष्यभर ते माहीत नसतं. आणि आमच्या पानावर मात्र कोणीही दोन जनुकं टाइप करून असा ठिपका हुडकू शकला असता, वर माऊस नेला की सॅम्पलचा नंबर. खुल्या आवृत्तीतून नंबर काढले, आणि एक्स-वायवरची जनुकं तिथे आता फक्त गटाच्या सरासरीने दिसतात.