इनोव्हाच पाठवा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं अशी गाडी एकच. बाकी फोनवरची विचारणा ठरलेली: एसी आहे ना, सात जण बसतील ना, बॅगा वर बांधाव्या लागतील का. गाडी कुठल्या कंपनीची, याच्याशी कोणाला घेणंदेणं नसतं. सदाशिव पेठेतले एक काका मात्र दरवर्षी अष्टविनायकाला गाडी सांगताना सुरुवातच अशी करतात, "इनोव्हाच पाठवा. आयत्या वेळी दुसरं काही पाठवणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी दुसरीकडे फोन करायला मोकळा." एवढं झाल्यावर किलोमीटरमागे आठ आण्यांसाठी दहा मिनिटं घासाघीस करतात, ते वेगळं.

सिंहगड रोडला आमचं टूर्सचं छोटं ऑफिस आहे. गाड्या घेणं-विकणं आमच्या ह्यांच्याकडे. फोन, हिशेब आणि ड्रायव्हर लोकांची गाऱ्हाणी माझ्याकडे. त्यामुळे इनोव्हा बनवणाऱ्या टोयोटाबद्दल माझं जे काही मत आहे ते दुरुस्तीच्या वहीवरून आणि मधल्या सीटवरून उतरलेल्या माणसांच्या तोंडून तयार झालंय. मी स्वतः स्कूटर चालवते.

टोयोटाची क्वालिस 2000 साली आली तेव्हा पुण्यात मोठी गाडी म्हणजे सुमो, नाहीतर ट्रॅक्स. दोन्ही आपल्याच, पिंपरी-आकुर्डीकडच्या. त्यात हा जपानी डबा. इंडोनेशियात 'किजांग' म्हणून चालायची ती गाडी, आणि तिथे तिची पुढची पिढी रस्त्यावर आल्यावर जुनी आपल्याकडे आणली. इंजिन 2.4 लिटर डिझेल, ताकद 75 अश्वशक्ती. दिसण्यावरून लोकांनी भरपूर नावं ठेवली. टूरवाल्यांना दिसण्याशी कर्तव्य नव्हतं. पहाटे साडेतीनला विमानतळाची पार्टी असते, तेव्हा किल्ली फिरवली की गाडी चालू व्हावी, एवढीच अपेक्षा होती आणि ती पुरी होत होती. मग 2005 मध्ये, गाडी चांगली खपत असताना, कंपनीने क्वालिस बंदच करून टाकली. चालतं दुकान कोण बंद करतं का, असं तेव्हा सगळेच म्हणाले. तिच्या जागी त्याच वर्षी फेब्रुवारीत इनोव्हा आली, आणि वर्षभरात ते म्हणणं कोणी आठवेनासं झालं.

आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना गिऱ्हाइकंही मामाच म्हणतात, त्यांच्या हाताखाली पहिल्या पिढीची इनोव्हा चार लाख किलोमीटरच्या पुढे गेली. आमच्या लाइनीत अशा गाडीबद्दल एकच प्रश्न विचारतात: इंजिन उघडलं का? नाही उघडलं. क्लच प्लेट झाली, शॉकअप झाले, खालचे बुश तर किती वेळा झाले, बेल्ट, ब्रेक पॅड, एकदा इंजेक्टर. हा सगळा खर्च वहीत आहे. पण इंजिनाचं हेड उतरवावं लागलं नाही.

हे ऐकलं की लोक लगेच म्हणतात, बघा, टोयोटा! मला त्यात थोडी भर घालायचीय. मामा गाडी कशी चालू करतात ते पाहा. किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा पिवळा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबणार. चालू झाली की ॲक्सिलरेटरला पाय न लावता तशीच सोडणार, तेवढ्यात काच पुसणार, उदबत्ती लावणार. आणि ताम्हिणी चढून वर टपरीवर थांबले, मागची मंडळी भज्यांसाठी उतरून गेली, तरी इंजिन दोन मिनिटं चालू. टर्बो तापलेला असतो, लगेच बंद केली तर त्याचं तेल जळतं, असं ते प्रत्येक नव्या पोराला सांगतात आणि प्रत्येक नवं पोर मान डोलावून विसरतं. टोयोटाच्या नावावर जमा झालेलं बरंचसं पुण्य या अशा मामांचं आहे. अर्थात, विसरणाऱ्या पोरांच्या हातातही ती गाडी टिकली, तेही वहीत दिसतंच. म्हणजे श्रेय वाटून घ्यावं लागेल.

आता इतिहास. माझं माहेर इचलकरंजीचं, त्यामुळे टोयोटाच्या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा भाग मोटारीचा नाही, मागाचा आहे.

साध्या यंत्रमागावर ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तरी माग थांबत नाही. तो आपला खडखडत राहतो. कामगाराचं लक्ष जाईपर्यंत कापडावर लांबलचक रेघ उमटलेली असते, आणि व्यापाऱ्याला पैसे कापताना ती रेघ बरोबर सापडते. माझ्या वडिलांचं उभं आयुष्य तुटणाऱ्या धाग्यांवर डोळा ठेवण्यात गेलं. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म 1867. त्याने 1924 साली जो स्वयंचलित माग पुरा केला, त्यात धागा तुटला की माग आपोआप उभा राहायचा, आणि धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपत आली की माग न थांबवता धोटा बदलला जायचा. त्यामुळे एकाच माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी, म्हणजे ज्यांनी निम्म्या जगाला कापडाची यंत्रं विकली त्यांनी, 1929 मध्ये या मागाच्या हक्कांसाठी 1 लाख पौंडांचा करार केला. मी हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते किमतीवर काही बोलले नाहीत. "आपोआप थांबायचा?" एवढंच दोनदा विचारलं.

साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारीच्या नादाला लागला. 1935 चा त्यांचा पहिला ट्रक रस्त्यात वारंवार बंद पडायचा. 1936 मध्ये एए नावाची मोटार, 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी, मग युद्ध, आणि 1950 मध्ये कंपनी बुडायच्या बेतात. कामगारकपात, संप, शेवटी किइचिरोंचा राजीनामा. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकन लष्कराने ट्रक मागवले आणि कारखाना वाचला. किइचिरो 1952 मध्ये गेले, त्यांना पुढचं काही बघायला मिळालं नाही. जगात सर्वाधिक खपलेल्या मोटारींत जिचं नाव घेतात ती कोरोला 1966 ची, मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी मोटार, प्रियस 1997 ची. मागाचा नियम मात्र मोटारींच्या कारखान्यात जसाच्या तसा आला: चूक दिसली की कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची आणि लाइन थांबवायची. चुकीची गाडी पुढे सरकवायची नाही. मामांचं इंजिन उघडावं लागलं नाही, त्यात या दोरीचाही वाटा असणार.

दुसरं टोक आपल्याकडचं, टोयोटाच्या इथल्या भागीदारांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो नांगर घेईनात. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, 1946 मध्ये आपल्या खडकीला ऑइल इंजिन्सचा कारखाना आला. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर. त्यांची टोयोटाच्या घराण्याशी गाठ पडली तीही आधी कापडाच्या यंत्रांच्या कंपनीत, 1995 च्या सुमाराला. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर 1997 ची. तिचा कारखाना बिडदीला, बंगळुरूच्या शेजारी. इतकं मराठी नाव कंपनीच्या पाटीवर असून कारखाना तिकडे गेल्याची हळहळ आमच्या ह्यांना अजून आहे. जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार झाला, त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. पेढे चितळ्यांचे होते, त्यामुळे कशाचे म्हणून कोणी तक्रार केली नाही.

पण कौतुक करायचं तर सगळंच सांगावं. 2009-10 मध्ये अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि किइचिरोंचे नातू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की माणसं तयार होण्याच्या वेगापेक्षा कंपनी जास्त वेगाने वाढली. हे लांबचं झालं. जानेवारी 2024 मधलं प्रकरण थेट आमच्यापर्यंत आलं. डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्राच्या चाचणीत, ताकद मोजताना, आकडे नीट एकसारखे यावेत म्हणून विक्रीच्या गाड्यांत नसलेलं सॉफ्टवेअर वापरल्याचं उघड झालं. भारतात इनोव्हा क्रिस्टा (इनोव्हाची दुसरी पिढी), फॉर्च्युनर आणि हायलक्स यांची पाठवणी काही दिवस थांबवली गेली. हे करणारी कंपनी कोणती? टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे साकिचींचे माग बनवायला 1926 मध्ये निघालेली तीच मूळ कंपनी. मामा म्हणाले, "ताकद घाटात कळते वहिनी, कागदावर काय बघायची." गिऱ्हाइकांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र ते लागलं. धागा तुटला होता आणि माग चालूच ठेवला होता, तेही त्याच घरात.

बिल्ला बदलून विकलेल्या गाड्यांवर लोक माझ्यापेक्षा जास्त चिडतात. टोयोटाची 2019 ची ग्लान्झा म्हणजे सरळ सरळ मारुती सुझुकीची बलेनो. आमच्या सोसायटीत एकाच मजल्यावर दोन्ही आहेत आणि दोघांच्या मालकांत पार्किंगवरून नाही, यावरून वाद होतात. बलेनोवाले म्हणतात, चिन्हाचे पैसे दिलेत. ग्लान्झावाले म्हणतात, तेव्हा वॉरंटी जास्त मिळत होती, ती कुठे सांगता? उलटा प्रकारही आहे: सुझुकीची ग्रँड विटारा टोयोटाच्या बिडदीत बनते आणि मारुतीची इन्व्हिक्टो म्हणजे टोयोटाची नाव बदललेली इनोव्हा हायक्रॉस. कारखान्यांना हे परवडत असेल. पण टोयोटाचं नाव क्वालिस आणि इनोव्हाने वीस वर्षं घाटात झिजून कमावलंय, ते असं वाटत सुटू नये असं मला वाटतं.

आणि हायक्रॉस. ती लोकांसमोर आली नोव्हेंबर 2022 मध्ये; त्याच महिन्याच्या अखेरीला विक्रम किर्लोस्कर गेले. इनोव्हाचं नाव लावलेल्या या गाडीत जुनं जवळपास काहीच नाही. लोखंडी चौकटीवरची बॉडी गेली, मागच्या चाकांची ओढ पुढच्या चाकांवर आली, डिझेल गेलं. तिच्या हायब्रिड प्रकाराला लिटरमागे 23.24 किलोमीटरचा कंपनीचा दावा आहे. ड्रायव्हर लोकांत यावर सरळ दोन तट आहेत. जुने म्हणतात, चौकट नाही ती कसली इनोव्हा, कोकणातल्या खड्ड्यांत दहा वर्षं काढून दाखवू दे. तरुण म्हणतात, क्रिस्टाचा जड क्लच दाबत चांदणी चौक ते हिंजवडी रोज करून दाखवा, मग बोलू.

माझ्या दृष्टीने निकाल आज्जींच्या गुडघ्यावर लागतो. आमची अर्धी बुकिंगं ज्येष्ठांची असतात: मुलगा परदेशात, आईवडील कोथरूडला, गाणगापूर किंवा गणपतीपुळे करायचंय. क्रिस्टाची आतली जमीन उंच. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आज्जी एक हात दाराच्या वरच्या कडीला, दुसरा मामांच्या खांद्यावर, आधी डावा की उजवा यात गोंधळ, मागून सून "सावकाश, सावकाश" करत उभी. हायक्रॉसची आतली जमीन खाली आहे, तिथे त्याच आज्जी पाठ फिरवून खुर्चीत बसावं तशा बसतात आणि मग पाय आत घेतात. गेल्या दिवाळीत एका मित्राची हायक्रॉस भाड्याने घेऊन अशी ट्रिप केली. आज्जींनी परत आल्यावर मला फोन केला, "तीच पाठव पुढच्या वेळी. आवाजसुद्धा नाही गं तिला."

त्यामुळे घरात सध्या यावरच चर्चा. ह्यांना हायक्रॉस घ्यायचीय. मी आकडे मांडले. हायब्रिड बॅटरीला वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. घरगुती मालक आठ वर्षं मोजतो, आमच्यासारखे किलोमीटर मोजतात, आणि आमची गाडी तिसऱ्या वर्षीच तिथे पोचते. त्यापुढचा खर्च कोणत्या रकान्यात टाकायचा? ह्यांचं म्हणणं, इंधनात वाचेल त्यातून. असेल. मी ते वाचवलेले पैसे आधी वहीत बघेन, मग बोलेन.

तोवर एक क्रिस्टा शोधतोय. डिझेल, मॅन्युअल, पिवळ्या पाटीची, शक्यतो एकाच ड्रायव्हरच्या हातची. कोणाच्या माहितीत असेल तर खाली लिहा. सर्व्हिसची नोंद पूर्ण हवी, आणि इंजिन उघडलेलं असेल तर मामांना फोटो बघूनसुद्धा कळतं, तेव्हा आधीच सांगा.