जीआरई शब्दसंग्रह, चौदावा आठवडा: खवळलेले पित्त आणि खारा वारा

परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेकरता मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेल्या इंग्रजी शब्दसंग्रहाचा चौदावा आठवडा आज संपला. रात्री मोजदाद केली तेव्हा, पुढे इंग्रजी शब्द आणि मागे त्याचा मराठी अर्थ लिहिलेली एकूण कार्डे ८६० भरली. त्यांपैकी ३१२ शेवटच्या कप्प्यात पोहोचली आहेत, आणि ९७ कार्डे अशी आहेत की ती पहिल्या कप्प्यातून हलायचे नावच घेत नाहीत. दर आठवड्याला ऐंशी नवे शब्द घेण्याचा जो संकल्प मी मागच्या नोंदीत लिहिला होता तो या आठवड्यात सोडून दिला आहे, आणि तसे का केले हे सांगण्यासाठीच ही नोंद नेहमीपेक्षा लांबली आहे.

माझी पद्धत लाइटनर यांच्या कप्प्यांची आहे. सेबास्टियन लाइटनर यांनी ती १९७० च्या दशकात लोकांपुढे मांडली. अर्थ बरोबर सांगता आला की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकला की थेट पहिल्या कप्प्यात परत येते, आणि पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने उघडायचे असतात. मोबाइलवर हे सगळे आपोआप होते हे मला ठाऊक आहे. पण वेंगुर्ल्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून मी हापूसच्या रिकाम्या पेटीत पुठ्ठ्याचे आडवे पडदे घालून पाच कप्पे केले. जूनमध्ये या पेटीने मला चांगलाच धडा दिला. शाईच्या पेनाने लिहिलेली पहिली दोनशे कार्डे दमट हवेने ओलसर झाली, अक्षरे फुटली आणि कडांवर करडी बुरशी धरली. तेव्हापासून मी शिसपेन्सिलीने लिहितो, आणि आजी जिथे सोलांची बरणी ठेवते त्या चुलीवरच्या फळीवर रात्री पेटी ठेवतो. कार्डांना धुराचा आणि आमसुलाचा वास लागला आहे, परंतु अक्षर शाबूत आहे.

खरी अडचण मात्र कार्डांच्या मागच्या बाजूला होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी विस्मरणाच्या वेगाविषयीचे आपले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. ते त्यांनी स्वतःवरच केले होते, आणि पाठांतरासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरजोड्या घेतल्या होत्या. हे वाचले आणि माझ्या ९७ कार्डांचे कोडे मला उलगडले. तयार यादीतून उतरवलेला इंग्रजी शब्द आणि त्याच्यापुढे लिहिलेला, मी आयुष्यात कधीही न उच्चारलेला कोशातला प्रतिशब्द, या दोन्ही माझ्या दृष्टीने अर्थहीन अक्षरजोड्याच होत्या. एक अनोळखी शब्द दुसऱ्या अनोळखी शब्दाला बांधून ठेवला, तर दोन्ही सुटून जाणारच.

‘बिलियस’ हा शब्द घ्या. माझ्या कार्डावर ‘दुर्मुखलेला, चिडखोर’ असे लिहिलेले होते आणि ते मी सहा वेळा विसरलो. सातव्या वेळी व्युत्पत्ती पाहिली. लॅटिनमध्ये ‘बिलिस’ म्हणजे पित्त. आपल्याकडे रागावलेल्या माणसाचे पित्तच तर खवळते! त्या दिवसानंतर हा शब्द मला पुन्हा पाहावा लागलेला नाही. प्राचीन ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव मानले जात, आणि माणसाचा स्वभाव त्यांतल्या ज्याचा जोर अधिक त्यावरून ठरे. म्हणून ‘सँग्विन’ म्हणजे रक्ताचा जोर असलेला, उल्हसित, आशावादी. ‘मेलँकली’ म्हणजे अक्षरशः काळे पित्त, अर्थात खिन्नता. आणि ‘फ्लेग्मॅटिक’ म्हणजे कफाचा, सहसा न डगमगणारा, थंड. ज्यांच्या घरात वात, पित्त, कफ हे शब्द रोजच्या जेवणाच्या पानावर ऐकू येतात, त्यांनी हे शब्द घोकत बसण्याचे काहीच कारण नाही. दोन्ही व्यवस्था एक नाहीत, आपल्याकडे रक्त हा दोष मानत नाहीत आणि पित्तही एकच आहे. पण कफ प्रकृतीचा माणूस संथ आणि स्थिर असतो ही समजूत दोन्हीकडे सारखी आहे, आणि स्मरणाला तेवढा दुवा पुरतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला रविवारच्या सराव परीक्षेत कळली. सप्टेंबर २०२३ पासून जीआरईच्या शाब्दिक भागात एकूण २७ प्रश्न असतात, १८ मिनिटांत १२ आणि नंतर २३ मिनिटांत १५. एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट मिळते, आणि त्यातच उतारेही वाचायचे असतात. २०११ च्या बदलात विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न गेले, तेव्हापासून शब्दाची परीक्षा वाक्यातच होते. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की ज्यांनी वाक्याचा अर्थ सारखाच राहील, आणि दोहोंपैकी एक चुकला तरी गुण मिळत नाही. माझ्यासमोर आलेल्या वाक्यात एका बाईंच्या घरखर्चाच्या शिस्तीचे कौतुक होते. मी ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ निवडले, कारण दोन्ही कार्डांवर मी ‘काटकसरी’ असेच लिहून ठेवले होते. बरोबर जोडी ‘फ्रूगल’ आणि ‘थ्रिफ्टी’ अशी होती. हा फरक मराठीत मला कोणी शिकवावा लागत नाही. नारळाची करवंटीसुद्धा वाया न घालवणाऱ्या माझ्या आजीला आमची आळी काटकसरी म्हणते. पाहुण्याच्या ताटात माशाची तुकडी मोजून वाढणाऱ्याला चिक्कू म्हणते, आणि ‘पार्सिमोनियस’ म्हणजे हा चिक्कू. कार्डावर मी अर्थ उतरवला होता, पण त्या शब्दामागची शाबासकी किंवा नापसंती उतरवली नव्हती. आता प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मी अधिक किंवा उणे अशी खूण करतो, आणि घरात बोलला जाणारा शब्द सापडेपर्यंत कार्ड पेटीत टाकत नाही. याच कारणाने आठवड्याला ऐंशीचे प्रमाण आता तीसवर आले आहे. १३० ते १७० च्या मापात पहिल्या सराव परीक्षेत मला १४८ मिळाले होते, या रविवारी १५४ मिळाले.

कधीकधी शब्द आपणहून चालत येतो. परवा संध्याकाळी मी ‘टॅसिटर्न’चे कार्ड हातात धरून पडवीत बसलो असता आजीने आतून विचारले, “असो घुमो कित्याक बसलंस?” मी तिथल्या तिथे ‘मितभाषी’ खोडून ‘घुमा’ लिहिले. ‘मितभाषी’त कौतुक असते, ‘टॅसिटर्न’मध्ये ते नाही.

दिसतात एक आणि निघतात भलतेच, अशा शब्दांचा मी वेगळा गठ्ठा केला आहे. ‘रेस्टिव्ह’मध्ये विश्रांती नाही, चुळबुळ आणि अस्वस्थता आहे, ‘एनर्व्हेट’ म्हणजे जोम आणणे नव्हे, तर स्नायूच काढून घेतल्यासारखे दुर्बळ करणे, ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीचा शब्द आहे आणि सुकटीच्या मोसमातल्या बंदराने तो मला पक्का करून दिला.

बंदरावरूनच मला या आठवड्यातला सर्वांत आवडता शब्द मिळाला. ‘ऑपॉर्च्यून’ म्हणजे योग्य वेळी घडणारे, एवढे मला माहीत होते. त्याच्या लॅटिन मुळात ‘पोर्तुस’, म्हणजे बंदर आहे, आणि मूळ अर्थ बंदराच्या दिशेने नेणारा वारा असा आहे, हे कळल्यावर मी नारळी पौर्णिमेच्या दिवशी जेट्टीवर बराच वेळ उभा राहिलो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो मतलई वारा, आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणारा तो खारा वारा, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. शिडाच्या होडीला घरी आणणारा खारा वारा हाच तो ‘ऑपॉर्च्यून’. कार्डाच्या मागे मी एवढेच लिहिले आहे: खारा वारा, अधिक.

एक कार्ड मात्र अजून मागून कोरे आहे. ‘स्पीशियस’, म्हणजे ऐकायला पटणारा पण आतून खोटा असलेला युक्तिवाद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ देखणा असा आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ जवळ येते, परंतु तिथे दोष अंतराचा असतो, युक्तिवादाचा नसतो. ‘पोकळ’ म्हणावे तर त्यात देखणेपणा येत नाही. वकिलाच्या किंवा दलालाच्या अशा बोलण्याला तुमच्या घरात एखादा नेमका शब्द वापरत असतील, तर तो मला हवा आहे.