हतनूर-चांगदेवची जांभळी पाणकोंबडी: कॅमेरा आणि स्केचबुक घेऊन जाणाऱ्यांसाठी

जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरण आहे, ४१ दरवाज्यांचं. दोन्ही नद्या काळ्या मातीच्या मुलखातून येतात, त्यामुळे गाळ भरपूर. गाळाने कडा उथळ होतात, उथळ पाण्यात जलपर्णी, पाणकणीस आणि लव्हाळा माजतो आणि जांभळ्या पाणकोंबडीला नेमकं तेच हवं असतं. धरणाच्या दृष्टीने हे दुखणं, पण चित्रकार-छायाचित्रकारांची चंगळ.

मुक्काम भुसावळला करावा. जंक्शन असल्याने गाडी कोणत्याही वेळी आली तरी सोय होते. एका सकाळी वरणगावमार्गे हतनूर आणि दुसऱ्या सकाळी मुक्ताईनगरच्या बाजूने चांगदेव (संगमाकाठचं गाव) हा क्रम बरा पडला. एसटीच्या वेळा पहाटेच्या उजेडाशी जुळत नाहीत. मोटारसायकल नाहीतर आदल्या रात्री ठरवलेली रिक्षा हवी. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका आणि दरवाज्यांकडे लेन्स रोखू नका. पक्षी तिथे नसतातच, ते वरच्या अंगाच्या उथळ कडांना असतात.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पावणेसातला जागेवर बसलेलं असावं. नऊ-साडेनऊपर्यंतचा उजेड कामाचा. त्यानंतर खानदेशचं ऊन पाण्यावरची हवा थरथरवायला लागतं आणि ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून काढलेल्या फोटोत पिसं विरघळल्यासारखी दिसतात. लोक लेन्सला दोष देतात, पण कितीही महागडी लेन्स ही थरथर कापू शकत नाही. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा बसता येतं. मार्चनंतर हा हिशेब आणखी आखडतो आणि मे महिन्यात तर सातलाच सामान आवरावं लागतं.

अंतराचं गणित आधी करून ठेवा. पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत ४५ ते ५० सेंटिमीटर, म्हणजे गावठी कोंबडीएवढा. २० मीटरवर ४०० मिलिमीटर लेन्समध्ये फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत साधारण १.८ मीटर रुंदी मावते, क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात, सुमारे १.२ मीटर. म्हणजे क्रॉप बॉडीवर चौकटीचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त पक्ष्याने भरतो आणि आजूबाजूची जलपर्णीही येते. तेवढं पुरे. आणखी जवळ जायचा हव्यास केला की पक्षी शेपटी झटकायला लागतो, शेपटीखालची पांढरी पिसं उघडझाप करतात. ती खूण दिसली की थांबा. पुढचं पाऊल टाकलंत तर तो पाणकणसात शिरेल आणि तासभर तरी बाहेर येणार नाही.

काठावर ट्रायपॉड उभा करण्यापेक्षा आडवं पडणं चांगलं. जुन्या जीन्सच्या पायात दीड-दोन किलो दादर ज्वारी किंवा तांदूळ भरून दोन्ही तोंडं शिवली की लेन्स टेकवायला उशी तयार. वाळलेल्या गाळावर मात्र पाय देऊ नका. वरचा पापुद्रा तडकलेला, भक्कम दिसतो, खाली गुडघाभर चिखल असतो. काठी खुपसून बघायची, वीतभराच्या पुढे गेली तर तिथून मागे.

चालत्या पक्ष्यासाठी शटर १/१००० सेकंद, पक्षी भांडत असतील तर १/२०००. अॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८. ऑटोफोकसला सर्वांत मोठा त्रास जलपर्णीच्या देठांचा होतो. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा पुढचं पान पकडतो, म्हणून एकच बिंदू, तोही डोळ्यावर. चकचकीत पाण्यासमोर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. गर्द हिरव्यासमोर उलट, एक-तृतीयांश कमी करा. चोच आणि कपाळावरची ढाल इतकी तांबडी असते की एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही लाल चॅनेल जळालेला असतो, म्हणजे लालातला तपशील गेलेला असतो. लाल आलेख वेगळा तपासा आणि फोटो रॉ फाइलमध्येच काढा.

आता रंगाविषयी, कारण सर्वांत जास्त फोटो आणि चित्रं इथेच बिघडतात. नावात जांभळा असला तरी पक्षी सगळा जांभळा नाही. आपल्याकडच्या जातीचं डोकं आणि गळा राखाडी झाक असलेला, छाती फिकट निळसर-हिरवी, पंखांवर हिरवट निळा, पाठ-पोटाकडे गडद जांभळटपणा. पिसांचा निळा पिसाच्या बारीक रचनेतून उमटतो, म्हणून उजेडाचा कोन बदलला की तोच पक्षी सकाळी मोरपंखी आणि ढगाखाली शाईसारखा दिसतो. त्यात कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगछटा आपोआप ठरवण्यावर) असेल तर भोवतालच्या हिरव्याची भरपाई म्हणून तो चित्र गुलाबीकडे ढकलतो आणि घरी गेल्यावर लोक सॅच्युरेशन वाढवून उरलेली राखाडीही घालवतात. व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर पक्कं ठेवा आणि सॅच्युरेशनच्या वाटेला जाऊ नका. आमच्या मते राखाडी डोकं दिसत नसलेला फोटो कितीही झळाळता असला तरी या पक्ष्याचा नाही.

जलरंगात काम करणाऱ्यांनी ट्यूबमधला तयार जांभळा बाजूला ठेवावा. छातीला आधी कोबाल्ट टर्क्वॉइझचा पातळ हात, तो ओला असतानाच खालच्या बाजूने अल्ट्रामरीन सोडायचं, वाळल्यावर पोटाकडे अल्ट्रामरीनमध्ये थोडा अलिझरीन क्रिमसन. शेपटीखालचा पांढरा कागदाचाच राखायचा. नंतर पांढरा गोआश (अपारदर्शक जलरंग) लावला की तो खडूसारखा बसतो. डोक्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून राखाडी, अगदी पातळ.

पाय तर पुन्हा पुन्हा रेखाटून बघावे लागतात. बोटं सुटी आणि फार लांब, तीन पुढे, एक मागे, त्यांना पडदा नाही आणि वारकरी पक्ष्यासारखे कडेला पसरट कप्पेही नाहीत. घाईत चित्र काढणारे बदकाचे पाय जोडतात. उचललेल्या पायाची बोटं मिटून खाली लोंबतात, टेकताना पानावर फाकतात. मागे वाकणारा जो सांधा गुडघा वाटतो, ती प्रत्यक्षात टाच आहे. खरा गुडघा पोटाच्या पिसांत दडलेला. तांबड्या पायांवर सांध्यापाशी तपकिरी डाग असतो, तो विसरू नका. दहा मिनिटांचं स्केच करायचं असेल तर पक्षी पाणकणसाचा देठ उपटून पोपटासारखा पंजात धरून खातो तो क्षण निवडा. तेव्हा तो एका पायावर बराच वेळ स्थिर असतो, तोल, मान आणि बोटं सगळं एकदम समोर येतं.

चांगदेवला जुन्या मंदिराच्या परिसरातून संगमाचं पाणी दिसतं. तिथे उजेड मोकळा, पण माणसांची ये-जा जास्त, त्यामुळे पक्षी पाणकणसाच्या आतल्या पट्ट्यात. नाव घेतलीत तर भोई दादांना पट्ट्याला समांतर न्यायला सांगा, थेट पक्ष्याकडे नाही. वल्ही थांबवून नाव वाहू दिली की पक्षी फारसा बुजत नाही. नावेतून शटर १/१६०० च्या खाली नको.

वीण पावसाळ्यात असते. तेव्हा पाणकणसात शिरून घरट्याचा फोटो काढू नये: वाट तुडवली की कावळ्यांना आणि कुत्र्यांना तीच वाट सापडते. काळ्या पिसांची पिल्लं पट्ट्याच्या कडेला स्वतःहून येतात, तोवर थांबावं.

दुपारी वरणगाव-मुक्ताईनगर रस्त्याला भरीत आणि कळण्याची भाकरी मागा, हिवाळ्यातलं भरताचं वांगं याच भागातलं. पिण्याचं पाणी मात्र काठावर मिळत नाही, माणशी दोन लिटर सोबत न्या.

फोटो कुठे टाकताना नावाखाली ग्रे-हेडेड स्वाम्पहेन लिहा. पूर्वी एकच मानलेल्या जातीच्या आता अनेक जाती झाल्या आहेत आणि जुन्या पुस्तकांत पर्पल मूरहेन हे नाव सापडेल. तारीख आणि गाव द्या, घरट्याची नेमकी जागा देऊ नका.