तुम्ही विचारलेत म्हणून : तबकड्यांचा तो आठवडा

व्याख्यानानंतर, लग्नाच्या पंगतीत, बुधवारी जुन्या बाजारात, जिथे कुठे ओळख निघते तिथे मला एकाच गोष्टीविषयी दोन तऱ्हांनी विचारले जाते. सर्वसाधारण वाचक विचारतात, की शहरात एवढे काही घडत असताना सोमवार ते शनिवार वर्तमानपत्रातल्या तुमच्या चौकटीत तुम्ही फक्त ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांविषयी व्यंगचित्रे का काढलीत. तबकड्या जमवणारे विचारतात, की तुम्ही आमच्यातलेच, मग आमची थट्टा का केलीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी येथे एकदाच देतो. खड्डे, पाणीकपात, उड्डाणपूल आणि निवडणुका यांवर मी वर्षभर काढतो आणि पुढेही काढीन. पहिल्या पानावरची ती चौकट माझ्या मालकीची नाही, पण ती पुढाऱ्यांच्या नावावर लिहून दिलेलीही नाही. त्या आठवड्याला संपादकांची आधी संमती होती. यापेक्षा अधिक खुलासा देण्याची गरज मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न मात्र मला झोंबतो, कारण तो विचारणाऱ्यांना मी परका नाही. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावतात. तासभर मांडायचा राग गवयाने तेवढ्यात मांडायचा, आणि तरीही ऐकणाऱ्याला घाई जाणवता कामा नये. मी चौकट आखायला बसतो तेव्हा माझ्यापुढे हाच पेच असतो. गायिका गौहर जान यांनी नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी स्वतःचे नाव उच्चारले. आम्ही व्यंगचित्रकार कोपऱ्यात सही करतो. काय गाळायचे हे मी चित्रकारांइतकेच या तबकड्यांकडून शिकलो आहे. तेव्हा ज्यांनी मला शिकवले त्यांची टिंगल मी कशाला करीन?

तरीही थट्टा झाली, हे खरे आहे. मंगळवारच्या चित्रात नातू विचारतो, "आजोबा, दर तीन मिनिटांनी उठून पिन बदलायची, चावी द्यायची, मग तुम्ही फिरायला वेगळे कशाला जाता?" त्यावर कोणी रागावले नाही. रागावले ते बुधवारच्या चित्रावर. त्यात खोलीभर तबकड्यांचे ढीग आहेत, खुर्च्यांवर, पलंगावर, पाळण्यातसुद्धा. म्हातारा कर्ण्याशी वाकून ऐकतो आहे, आणि बायको हातात ताट घेऊन उभी आहे. ती म्हणते, "अहो, ही संपली की मी जरा बसू का?"

त्या सकाळी एका वृद्ध संग्राहकांचा फोन आला. मी त्यांना काका म्हणतो. पिन दर बाजूला का बदलायची आणि तबकडीला स्पिरिट का लावायचे नाही (तिच्यातली लाख त्यात विरघळते), हे मला त्यांनीच शिकवले. ते म्हणाले, "चित्र उत्तम आहे. पण ही तक्रार तिने कधी केली नव्हती."

काकू जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मी म्हणालो, "काका, ती काकू नाही. ती कोणतीही बाई आहे." आणि ते खरेही होते, तिचा चेहरा, बांधा, उभे राहणे, काहीच काकूंचे नव्हते. पण ढिगातल्या तबकड्यांना मी कापडी पिशव्या काढल्या होत्या. जुन्या तबकड्यांची कागदी पाकिटे फाटून जातात, म्हणून काकूंनी आपली विटलेली लुगडी कापून त्यांचे चौकोनी खोळ शिवले होते, काठ नेमका तोंडाशी येईल असे, म्हणजे हात घालताना कापड उसवत नाही. असे खोळ मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिलेले नाहीत. दोन बोटे रुंदीच्या चित्रात तो काठ म्हणजे तीन बारीक रेघा होत्या, आणि काकांनी त्या ओळखल्या.

संध्याकाळी मी सदाशिव पेठेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि मग ते बोलले ते मला अजून पुरते खोडून काढता आलेले नाही. "अरे, तू मंत्र्याचे पोट काढतोस तेव्हा त्याचे पोट हाच विषय असतो. आमचा विषय गाणे आहे, आणि ते तुझ्या चित्रात येतच नाही. लोकांना ढीग दिसला, उभी राहिलेली बाई दिसली. खाँसाहेब कुठे दिसले?" खाँसाहेब म्हणजे गायक अब्दुल करीम खाँ. त्यांची झिंझोटीतली ठुमरी लहानपणी तबकडीवर ऐकूनच भीमसेन जोशी भारावले आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. काकांचे म्हणणे असे, की त्या तबकडीचे चित्र काढायचे तर त्या मुलाचे काढ. ढिगाचे काढायला तबकड्या कशाला हव्यात, रद्दीही चालेल.

तरुणपणी मी काकांच्या बाजूने बोललो असतो. ज्याच्या हाती सत्ता त्याच्यावरच रेघ ओढायची, असा माझा नियम होता, आणि तो मी व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्याकडून घेतला होता. त्यांचा सामान्य माणूस 1951 पासून चौकटीत मुकाट उभा राहिला आणि कोणी कोणाकडे पाहायचे हे ठरून गेले. त्या नियमात सदाशिव पेठेतल्या पेन्शनरावर हसायला जागा नव्हती. पण तो नियम मानणाऱ्या तरुणाला मी आज विचारतो, की घरातल्या घरात सत्ता नसते काय? बसायला खुर्ची कोणाला मिळते, हा प्रश्न लहान आहे काय? तो तरुण मला उलट विचारतो, की मग काकूंनी प्रेमाने शिवलेले खोळ तू त्या तक्रारीला पुरावा म्हणून का जोडलेस? त्याला उत्तर देताना माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की माझी बाजू लंगडी आहे हे मला कळते. तरीही त्या बाईला बसायचे होते, असे मला वाटते. काकू कधी बोलल्या नाहीत, एवढेच काकांना ठाऊक आहे. मलाही तेवढेच ठाऊक आहे.

गाणे चित्रात येत नाही, हे मात्र मला मान्य नाही. ग्रामोफोनपुढे बसलेल्या त्या प्रसिद्ध कुत्र्याचे 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे चित्र पाहा. फ्रान्सिस बॅरॉड यांनी आधी त्याच्यापुढे नळकांड्यांचा फोनोग्राफ रंगवला होता. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या सांगण्यावरून त्यावर ग्रामोफोन रंगवला, आणि मूळ चित्रात वरच्या थराखाली जुने यंत्र अजूनही जाणवते. यंत्र बदलले, कुत्रा बदलावा लागला नाही, कारण ऐकणे यंत्रात नव्हतेच, ते कललेल्या मानेत होते. म्हणून शनिवारचे चित्र मी बुधवारनंतर नव्याने काढले, एकही शब्द न घालता. जुन्या बाजारात एका पथारीवर ग्रामोफोन वाजतो आहे. हमाल, पोलीस, भाजीची पिशवी घेतलेली बाई, भटका कुत्रा, सगळ्यांच्या माना एकाच कोनात कललेल्या आहेत, आणि मान सरळ आहे ती फक्त पैसे मोजणाऱ्या विक्रेत्याची.

ते चित्र मी काकांना नेऊन दाखवले. ते म्हणाले, "माना बरोबर आहेत. पण तो कुत्रा मालकाचा आवाज ओळखतो. तुझे लोक कोणाला ऐकताहेत, हे मला कसे कळणार?" मी म्हणालो, ते वाचकाने ठरवावे. ते म्हणाले, मग ते गाणे नव्हे, नुसता आवाज झाला.

वाद तिथेच अडला आहे. दिवाळीनंतर मी संपादकांकडे तबकड्यांसाठी आणखी एक आठवडा मागितला आहे. काकांची अट आहे, की ती बाई पुन्हा दिसता कामा नये. मी ती अट मान्य केलेली नाही.