दोन 'असेन्शन'

रविवार, रात्री साडेदहा

दिवसभर पावसाने उघडीप दिली नाही, म्हणून कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि एकेक एलपी पुसायला घेतली. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने कव्हरांना बुरशी धरते. सुती फडक्याने ती हलकेच टिपून घ्यावी लागते. घासली तर छपाईचा रंगच निघून येतो. या कामात दुपार गेली, आणि ज्या तबकडीसाठी खरे तर हा सगळा खटाटोप मांडला होता ती सर्वांत शेवटी हाती घेतली.

गेल्या महिन्यात जुन्या एलपींच्या एका गठ्ठ्यातून अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'असेन्शन'ची एक प्रत माझ्याकडे आली. विक्रेत्याने ती दुसरी आवृत्ती म्हणून दिली होती. संगीत संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत काळा भाग उरतो, त्यावर विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून मी तबकडी सावकाश फिरवली. दुसऱ्या आवृत्तीवर तिथे 'एडिशन टू' ही अक्षरे कोरलेली असतात. माझ्या प्रतीवर कंपनीचे नेहमीचे क्रमांक होते, ती अक्षरे कुठेच नव्हती. विक्रेत्याची चूक झाली होती, आणि मला आनंद झाला, कारण दुसरी आवृत्ती माझ्याकडे वीस वर्षांपासून आहे.

हे ध्वनिमुद्रण २८ जून १९६५ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाले. कोल्ट्रेन धरून अकरा वादक होते: तीन टेनर सॅक्सोफोन, दोन आल्टो, दोन ट्रम्पेट, पियानो, दोन बास आणि ड्रम. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक लाट उभी करायची, मग एकाने पुढे येऊन वाजवायचे, मग पुन्हा लाट, असा ढोबळ आराखडा ठरला होता. बाकी सारे त्या क्षणी सुचेल ते. ही सुमारे चाळीस मिनिटांची रचना त्या दिवशी दोनदा वाजवली गेली. १९६६च्या सुरुवातीला एक वादन बाजारात आले, आणि पुढे दुसरे प्रसिद्ध व्हायला हवे होते असे कोल्ट्रेन यांचे मत पडल्यावर कव्हर आणि क्रमांक तेच ठेवून आतली तबकडी बदलण्यात आली. तेव्हापासून कोरलेली अक्षरे आणि कान, एवढ्याच दोन खुणा उरल्या. कानाची खूण अधिक भरवशाची आहे: एल्विन जोन्स यांचे स्वतंत्र ड्रमवादन फक्त पहिल्या आवृत्तीत आहे.

कलावंताचा शब्द अखेरचा मानावा, असे मी एरवी मानतो. आज मात्र दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या आणि पुन्हा एकदा पहिलीच मनात घर करून बसली. दुसरी अधिक बांधेसूद आहे यात शंका नाही; वादकांना वाट ठाऊक असावी असे वाटते, एकाची जागा संपते कुठे आणि दुसऱ्याची सुरू होते कुठे हे ते अंगाने जाणतात. पहिलीत ती जाण मला तितकी दिसत नाही. सामूहिक लाट ओसरताना कोणीतरी एक क्षण जास्त रेंगाळतो, कोणी घाईने आत येतो, आणि शेवटाकडे जोन्स यांचा ड्रम एकटा उरतो, तेव्हा गर्दीतून बाहेर पडून मोकळ्या मैदानावर आल्यासारखे वाटते. ही चाचपड मला मोलाची वाटते. आपल्याकडे मैफलीत गवई एखादी जागा शोधताना दोनदा चुकतो आणि तिसऱ्यांदा ती सापडते, तेव्हा श्रोत्यांची दाद त्या आधीच्या दोन प्रयत्नांनाही असते.

अर्थात प्रत्येक दोष जपावा असे मी म्हणत नाही, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. वादनाच्या वेळी घडलेली चूक राहू द्यावी. यंत्राने मागाहून घातलेली चूक काढून टाकावी. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'चे उदाहरण माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे. कॉलेजात असताना मी तिची जुनी एलपी लावून घरच्या पेटीवर सूर धरायला बसत असे. दुसऱ्या बाजूचे 'ऑल ब्लूज' पांढरी पाचला चपखल बसायचे, पण पहिल्या बाजूचे 'सो व्हॉट' पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राही. माझा कानच कच्चा आहे अशी समजूत करून घेऊन मी कित्येक वर्षे गप्प राहिलो. पुढे वाचनात आले की २ मार्च १९५९च्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवली की सूर चढे लागत, आणि त्या सत्रातल्या तीन रचना म्हणजेच अख्खी पहिली बाजू तीस वर्षांहून अधिक काळ तशीच छापली गेली. सोबतच्या राखीव यंत्रावर गती बरोबर होती. त्यावरच्या टेपच्या आधाराने १९९२ साली दुरुस्ती झाली. चढ्या सुरातल्या जुन्या प्रतीत अधिक चैतन्य आहे असे सांगणारे संग्राहक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. वादकांनी जो सूर लावलाच नव्हता, तो जपण्यात कसली निष्ठा?

याउलट पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या त्रयीचे २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधले ध्वनिमुद्रण. पहिल्याच रचनेत वीज गेली आणि काही क्षणांचे संगीत टेपवर उतरलेच नाही. ते वादन दीर्घकाळ वगळले गेले, आणि २००५च्या संपूर्ण संचात खंडासकट आले. इथेही दोष यंत्राचाच, हे मला मान्य आहे. पण इथे खोटा सूर नाही, फक्त एक भोक आहे, आणि ते बुजवायला आपल्याजवळ काही नाही. बास वाजवणारा स्कॉट लाफारो त्या दिवसानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. ती रचना त्याचीच होती. त्याने वाजवलेले जेवढे उरले आहे तेवढे, मागच्या पेल्यांच्या किणकिणाटासह आणि गप्पांसह, मला हवे आहे.

'असेन्शन'चा मला सर्वांत खुपणारा दोष मात्र एलपीचाच आहे. अखंड वादन मध्येच तोडून दोन बाजूंवर वाटलेले असते, आणि ऐन रंगात उठून तबकडी उलटावी लागते. हाच त्रास अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेच्या, बाबतीत पराकोटीला जातो. १९८३ साली लिहिलेली ही रचना पूर्ण वाजवली तर सहा तासांच्या घरात जाते, आणि तिचा बराचसा भाग इतका हळुवार आहे की शेजारच्या खोलीतला पंखाही आड येतो. फ्लक्स क्वार्टेट या वादकसंचाने केलेले ध्वनिमुद्रण पाच सीडींवर मिळते आणि एका डीव्हीडीवरही. मी दोन्ही घेतले आहेत. सीडी बदलायला उठलो की तासाभरात जमलेली शांतता विस्कटते. डीव्हीडीवर ती शेवटपर्यंत टिकते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला तेच ते स्वरगुच्छ किंचित बदलून परतू लागले की आधीचा कोणता आणि आत्ताचा कोणता हे आठवेनासे होते. ज्या संगीतात स्मरणशक्तीच थकवायची आहे त्याचे तुकडे करणे, हा माझ्या मते छापणाऱ्याने केलेला अन्याय आहे.

बाहेर पाऊस थोडा कमी झाला आहे. जुन्या 'असेन्शन'ची आतली कागदी पिशवी कडेने फाटली होती, ती बदलून नवीन घातली. कव्हराला पेन लावायचे नाही, म्हणून एका चिठ्ठीवर पेन्सिलीने 'पहिली आवृत्ती, एल्विनचा ड्रम आहे' एवढे लिहून ती पिशवीत सरकवली, आणि दोन्ही प्रती कप्प्यात शेजारी शेजारी उभ्या करून ठेवल्या.