अर्क तासाभरात निघतो, मग टिकत का नाही?

"पातेल्यावर झाकण उलटं ठेवा, वर बर्फ टाका, तासाभरात घरचं गुलाबपाणी तयार, वर्षभर वापरा." ही कृती सगळीकडे फिरते. तिचा पहिला भाग खरा आहे. 'वर्षभर वापरा' हे साफ खोटं आहे आणि माझा सगळा राग त्या दोन शब्दांवर आहे. फुलांचा किंवा पानांचा अर्क काढणं अवघड नाहीच. घोडं अडतं ते बाटली भरल्यानंतर. दोन-तीन आठवड्यांत तळाशी पांढुरके तंतू तरंगायला लागतात, पाणी किंचित गढूळ दिसतं, गुलाबाच्या वासाखाली ओल्या फडक्याचा वास येतो. त्यावर सल्ला मिळतो की तंतू गाळून घ्या आणि वापरा. कृपा करून गाळून वापरू नका. डोळ्यांना तंतू दिसेपर्यंत त्या पाण्यात जंतूंची वाढ केव्हाच झालेली असते. ते सरळ मोरीत ओता.

काढण्याची रीत थोडक्यात सांगते. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, मधोमध छोटी तिवई, तिच्यावर काचेचा किंवा स्टीलचा वाडगा. भोवती 250 ग्रॅम पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील इतकं, साधारण लिटरभर पाणी. झाकण उलटं, त्यावर बर्फ, खाली मंद आच. वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंब थेंब वाडग्यात पडते. एवढ्या मालातून 250 ते 300 मिली घ्यावं आणि थांबावं. त्यापुढे जे येतं ते नुसतं पाणी, तेही उकडलेल्या पाल्याच्या वासाचं, आणि ते आधीच्या चांगल्या अर्कातच मिसळतं. पातेलं कोरडं पडू देऊ नका. करपल्याचा वास एकदा अर्कात उतरला की जात नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको. अर्क आम्लधर्मी असतो.

अर्क पाण्यासारखा नितळ हवा. गुलाबी किंवा पिवळसर झाला तर समजा आच मोठी होती आणि उकळतं पाणी उडून वाडग्यात पडलं. तो अर्क नाही, पाकळ्यांचा काढा मिसळलेलं पाणी आहे आणि ते सगळ्यात आधी नासतं. गवती चहाचा अर्क मात्र सुरुवातीला दुधट दिसतो. त्यात तेलाचे बारीक थेंब असतात, ते बिघाडाचं लक्षण नाही.

आता बिघाडाकडे वळते, कारण सगळा वेळ तिथेच जातो. फुलं बदलली, वाडगा बदलला, बाटल्या उकळून घेतल्या, तरी तंतू यायचे. कारण झाकणात निघालं. काचेच्या झाकणाला वाफ जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. झाकण उलटं केलं की वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या भोकातून थेट खाली वाडग्यात टपकतं. भोक नसेल तर मुठीचा स्क्रू असतो आणि त्याच्या कडेनेही पाणी झिरपतं. बर्फ नळाच्या पाण्याचा, तोही फ्रीजच्या ट्रेमधला. म्हणजे वाफेतून आलेल्या स्वच्छ पाण्यात आपणच वरून जंतूंचं विरजण लावतो. तपासायला सोपं आहे. रिकाम्या पातेल्यावर झाकण उलटं ठेवा, त्यात पाणी ओता, अर्ध्या तासाने खाली बोट फिरवून पाहा. ओलं लागलं तर ते झाकण बाद. मूठ नसलेली स्टीलची खोलगट थाळी किंवा छोटी कढई झाकण म्हणून उत्तम चालते. बर्फ जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की पाणी सांडण्याचा प्रश्नच मिटतो आणि पिशवी बदलायलाही सोपी जाते.

दुसरं कारण बाटली. बाटली उकळून घेतात आणि मग 'एकदा विसळून घेऊ' म्हणून नळाखाली धरतात, तिथे सगळं मुसळ केरात. साबणाने धुवा, दहा मिनिटं पाण्यात उकळा, चिमट्याने काढा, स्वच्छ कापडावर उपडी ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. नंतर काही लावायचं नाही, आत फुंकरही मारायची नाही. स्प्रेचा पंप उकळता येत नाही, प्लास्टिक वाकतं. त्यातून 70 टक्के स्पिरिट पाच-सहा वेळा दाबून काढा आणि नळीसकट वाळवा. बुळबुळीत थर सगळ्यात आधी याच नळीच्या आत, तळाच्या तिरक्या कापावर धरतो. बाटली उजेडाकडे धरून ते टोक नीट पाहा. जुना पंप नव्या अर्कात खुपसणं म्हणजे जुना बिघाड नव्या बाटलीत नेणं. आणि बाटल्या 50 मिलीच्या घ्या. 500 मिलीची एकच बाटली रोज उघडली की रोज हवा आणि हात लागतात.

तिसरी गोष्ट लोकांना पटत नाही. अर्कात तेलाचा अंश असतो, मग तो स्वतःच टिकायला नको का? नाही टिकत. हा अंश सहसा 0.1 टक्क्यापेक्षाही कमी असतो. एवढ्याने जंतू मरत नाहीत. सुडोमोनाससारखे जीवाणू तर ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेल्या, पाण्यातसुद्धा तगून वाढतात. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह न घालता अर्क ठेवायचा तर फ्रीजमध्येच आणि फार तर दोन आठवडे. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर झाकण असलेल्या बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसा एकेक खडा काढा. चेहऱ्यासाठी हा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात काहीच मिसळावं लागत नाही.

प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं तर मोजून घाला. 500 मिली अर्काला 1 ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट आणि 1.5 ग्रॅम सोडियम बेंझोएट. स्वयंपाकघरातला वजनकाटा ग्रॅमभर वजन नीट दाखवत नाही, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागतो. दोन्ही पदार्थ खाद्य दर्जाचे घ्या. आता इथेच बहुतेकांचं अडतं: हे दोन्ही आम्लधर्मी पाण्यातच काम करतात. पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), 5 च्या वर गेला की त्यांचा जोर झपाट्याने कमी होतो. अर्काचा पीएच मुळात 4 ते 6 च्या दरम्यान असतो, वनस्पतीप्रमाणे आणि दर खेपेला बदलतो, आणि ही पावडर घातल्यावर थोडा वरच सरकतो. म्हणून आधी पावडर विरघळवा, मग पीएच दाखवणाऱ्या कागदी पट्टीने मोजा. किंचितसं सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, चमचाभर अर्कात विरघळवून थेंब थेंब घाला आणि 4.5 ला थांबा. लिंबू पिळू नका. लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असतं आणि सोडियम बेंझोएटबरोबर त्यातून बेंझिन तयार होऊ शकतं. शिवाय रसातली साखर जंतूंना खायला मिळते ती वेगळीच.

या पट्ट्यांसाठी जो वेळ जातो त्याने जीव मेटाकुटीला येतो. दुकानात बहुधा 1 ते 14 ची पट्टी हातात देतात आणि 'हीच चालते' म्हणतात. तिच्यावर 4 आणि 5 मधला फरक रंगावरून कळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच फरक हवा असतो. 4 ते 7 अशी अरुंद पट्टी मागा. नसेल तर मागवून घ्या, पण ती येईपर्यंत अर्क काढू नका. अर्क आधी आणि पट्टी मागून, असं झालं की थांबण्याच्या त्या काळातच बाटली नासते. सॉर्बेटही काही ठिकाणी अर्ध्या किलोच्या खाली द्यायला तयार नसतात. घरच्या वापराला 50 ग्रॅम भरपूर झालं.

एवढं सगळं करूनही हे दोन पदार्थ बुरशी आणि यीस्टवर जितके चालतात तितके सगळ्या जीवाणूंवर चालत नाहीत. स्वच्छता सोडून त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांत संपवा.

आणखी एक वाट पाहणं आहे. ताज्या अर्काला कधी कधी उकडलेल्या भाजीचा वास येतो आणि लोक निराश होऊन ओतून देतात. फेकू नका. हा वास एक ते तीन आठवड्यांत उतरतो आणि खालचा खरा वास वर येतो. पण त्यासाठी बाटली उघडी ठेवा असं सांगतात ते मला मान्य नाही. आधी प्रिझर्व्हेटिव्ह आणि पीएच उरकून घ्या, बाटली तीन चतुर्थांशच भरा, झाकण सैल लावा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

फुलांबद्दल. मावळातल्या पॉलीहाऊसचे लांब दांड्याचे गुलाब दिसायला देखणे, पण त्यांना वास जवळजवळ नसतो आणि त्यांच्यावर फवारण्या झालेल्या असतात. गुलकंदाला वापरतात तो गावठी गुलाबच हवा, सकाळी लवकर तोडलेला. गुलाबाच्या अर्काला इतका गोड वास येतो तो फेनिल इथाइल अल्कोहोलमुळे. ते पाण्यात चांगलं विरघळतं, म्हणून गुलाबाच्या ऊर्ध्वपातित तेलापेक्षाही अर्क ताज्या फुलाच्या जवळचा वाटतो. मोगरा आणि पारिजातक यांच्या मागे लागू नका, उकळत्या वाफेत त्यांचा नाजूक वास टिकत नाही. तुळस आणि गवती चहा हमखास साधतात. वाळा मात्र आदल्या रात्री भिजत घाला, मुळं कात्रीने बोटभर कापा आणि चार तास तरी मंद आच ठेवा. त्याचं तेल जड असतं, घाईने येत नाही.

वारंवार काढायचा असेल तर पातेल्यापेक्षा कुकर बरा. शिट्टी काढून त्या नळीला उष्णता सोसणारी खाद्य दर्जाची सिलिकॉनची नळी लावायची, पुढे तांब्याचं वेटोळं थंड पाण्याच्या बादलीत. वरून काही पडण्याची भीतीच नाही. पण कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि पाकळ्यांवर जाळी ठेवा. पाकळी उडून नळीच्या तोंडाशी बसली तर दाब साठतो, आणि हा धोका खरा आहे. नळी कुठे दुमडली नाही ना, हे सतत पाहा आणि आच सोडून जाऊ नका. बाहेर पडणारा अर्क हाताला गार लागला पाहिजे. कोमट लागला तर वास हवेत चाललाय, बादलीतलं पाणी बदला. अर्क एकाच बरणीत न धरता 100 मिलीच्या पेल्यांत धरा आणि प्रत्येकाचा वास घ्या. ज्या पेल्याला वास नाही तो मिसळायचाच नाही.

वापर सोपा आहे. चेहरा धुतल्यावर ओल्या त्वचेवर फवारा आणि लगेच क्रीम किंवा तेल लावा. नुसता अर्क उडून जातो आणि चेहरा ताणल्यासारखा वाटतो. 100 मिलीत 5 मिली ग्लिसरीन घातलं तर हे कमी होतं. मुलतानी माती किंवा बेसन त्या त्या वेळी कालवा, उरलेलं टाका. नव्या अर्काचा थेंब आधी कोपराच्या आत लावून दिवसभर पाहा. गवती चहातला सिट्रल हा सुगंधी घटक काहींना पुरळ आणतो, तो अर्क चेहऱ्याला नको. डोळ्यांत गुलाबपाणी घालायची घरोघरी सवय आहे, पण घरचा अर्क निर्जंतुक नसतो. डोळ्यांत एक थेंबही नाही.

घरासाठी वाळ्याचा अर्क उन्हाळ्यात पडद्यांवर आणि चादरींवर फवारायला छान. इस्त्री करताना कपड्यावर फवारा, वाफेच्या इस्त्रीच्या टाकीत ओतू नका, आतली भोकं चिकटून बंद होतात. रेशमावर आधी आतल्या शिवणीला लावून पाहा. गवती चहाच्या अर्काने ओटा पुसला की फोडणीचा वास जातो, पण जंतू मरत नाहीत आणि डासही पळत नाहीत. ओटा संगमरवरी असेल तर नंतर साध्या पाण्याने पुसा, आम्लाने त्याची चकाकी जाते. विकतची बाटली घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. 'परफ्यूम' आणि 'पेग-40 हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल' (सुगंधी तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) एकत्र दिसलं तर बहुधा ते पाण्यात विरघळवलेलं सुगंधी द्रव्य आहे.

कुकरच्या रिंगबद्दल सांगायचं राहिलं. रोजच्या रिंगमध्ये तुरीच्या डाळीचा आणि हिंगाचा वास मुरलेला असतो, तो अर्कात उतरतोच. अर्कासाठी नवी रिंग घ्या, पहिल्यांदा नुसतं पाणी घालून अर्धा तास वाफ जाऊ द्या, आणि ती रिंग स्वयंपाकाला कधीच लावू नका.