रात्रभर येणारा घूंऽऽ आवाज, जो फक्त मलाच यायचा (माझा अनुभव)

मागच्या पावसाळ्यात आम्ही कोथरूडला या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि तिसऱ्या-चौथ्या रात्रीच मला तो आवाज यायला लागला. लांब कुठेतरी ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असावा तसा, घूंऽऽ, थोडा कमी थोडा जास्त, पण थांबत नाही. खिडकी लावली तर उलट वाढायचा, कारण रस्त्याचे बाकीचे आवाज बंद व्हायचे आणि हा एकटाच उरायचा, कानात बोळे घातले तरी तेच. ह्यांना उठवलं, ते खोलीच्या मधोमध उभे राहून दोन मिनिटं ऐकून म्हणाले, अगं काहीच नाहीये, झोप.

दोन महिने असेच गेले. झोप नाही, दिवसभर चिडचिड, आणि आवाजापेक्षा जास्त त्रास कशाचा झाला तर घरातलं कोणी मानतच नाही याचा. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली, नॉर्मल आली, डॉक्टर म्हणाले टिनिटस असेल, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानातच वाजणारा. पण रिपोर्ट बघितला तर टेस्ट २५० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जितका कमी तितका आवाज खर्जातला) सुरू होते, माझा आवाज त्याच्या कितीतरी खाली होता. मग मी चार दिवस वाईला माहेरी जाऊन राहिले, एकदाही आला नाही. कानातलाच असता तर वाईला पण आला असता ना!

परत आल्यावर रात्री घरातला मेन स्विच बंद करून बघितला, आवाज चालूच. आणि मग एका गुरुवारी रात्री सगळ्या एरियाची लाईट गेली आणि आवाज खटकन थांबला. पंखा बंद पडला म्हणून हे उठले तर मी पलंगावर बसून रडत होते. लाईट आली, मिनिटभरात घूं परत सुरू. म्हणजे विजेवर चालणारं काहीतरी आहे एवढं पक्कं झालं.

त्या दिवसांत मी याबद्दल खूप वाचलं. कॅनडातल्या विंडसर गावात २०११ पासून लोक असाच आवाज येतो म्हणून सांगत होते, नदीपलीकडे डेट्रॉईटच्या बाजूला झग बेटावर पोलादाच्या भट्ट्या आहेत, २०२० च्या एप्रिलमध्ये त्या थंड झाल्या आणि आवाज थांबला. ते वाचून खरंच धीर आला, नऊ वर्षं काढली त्या लोकांनी.

फोनवर स्पेक्ट्रमचं ॲप टाकलं, आवाजात कुठले हर्ट्झ किती जोरात आहेत ते दाखवणारं. फोनच्या माइकवर फार भरवसा ठेवू नये पण पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, कुठे येतोय ते कळतं, माझा ४८ हर्ट्झच्या आसपास यायचा. ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे १०० ला गुणगुणतो, म्हणजे तो नाही, पण मिनिटाला २९०० फेरे घेणारी मोटर, भागिले ६० सेकंद, बरोबर ४८ ला येते. आणि या आवाजाची लाट साधारण सात मीटर लांब असते, आमची बेडरूम त्याच्या निम्मी, त्यामुळे भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून भिंतींपाशी आवाज जोरात आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीच. हे रोज मध्यावरच उभे राहून ऐकत होते! त्या रात्री त्यांना कोपऱ्यात नेऊन उभं केलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, आहे गं.

सोसायटीत आधी चेअरमन काका म्हणालेले, वहिनी झोपेची गोळी घेऊन बघा. नंतर मीटर आणून मोजलं तर ३४ डेसिबल, रात्रीची मर्यादा ४५, म्हणजे प्रश्नच मिटला त्यांच्या दृष्टीने. पण मीटर ए सेटिंगवर होतं, ते माणसाच्या कानासारखं खर्जातले आवाज कमी मोजतं, ५० हर्ट्झच्या आसपास जवळपास ३० डेसिबल कापूनच दाखवतं. मी सी सेटिंग लावायला सांगितलं, त्यात खर्ज फारसा कापला जात नाही, ५४ आले. तुम्हाला कोणाला मोजायचं असेल तर हे आधी बघा, नाहीतर खोटे ठराल.

शेवटी शेजारच्या सी विंगचा प्रेशर पंप (नळांना दाबाने पाणी देणारा, दाब कमी झाला की आपोआप सुरू होणारा) निघाला. थेट स्लॅबवर बोल्ट मारून बसवलेला, पोडियमचा (इमारतींखालच्या सामाईक मजल्याचा) स्लॅब त्यांच्या आणि आमच्या विंगला एकच, आणि कुठेतरी लाईन गळत होती म्हणून पंप रात्रभर बंदच होत नव्हता. ह्यांनी स्वतः काकांना रात्री एक वाजता खाली नेऊन स्लॅबवर हात ठेवायला लावला. गळती काढली, पंपाखाली रबरी पॅड टाकले, पाइपला फ्लेक्सिबल जोड दिला. आता कधीतरी पहाटे सगळे पाणी भरतात तेव्हा येतो थोडा, पण झोप लागते.

पॅड कडक झाले की बदलावे लागतात असं प्लंबर म्हणाला, म्हणून बसवल्याची तारीख मी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतलीये.